मोठीचं माप

घरात दोन मुली. थोरलीला सगळे मोठी म्हणत आणि धाकटीला धाकटी. त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. पण मोठी वाढतच गेली. शाळेत असतानाच तिनं आधी आईला आणि मग वडिलांना मागे टाकलं, आणि उंचीबरोबर अंगानंही भरली. मग त्या हाकेचा अर्थच बदलला. घरी पाहुणे आले आणि आईनं "ही आमची मोठी" म्हटलं, की पाहुणे मान वर करून बघत आणि म्हणत, "हो, दिसतंय की."

ती ॲम्ब्युलन्सवर काम करायची. पेशंटला उचलायचं, ऑक्सिजन लावायचा, रक्त थांबवायचं आणि दवाखाना येईपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं. ॲम्ब्युलन्सच्या केंद्रावर तिच्या अंगावरून कुणी विनोद करत नसे. कारण पेशंट जड, इमारत उंच आणि लिफ्ट बंद, असा योग आला की पहिला फोन तिच्याच गाडीला यायचा. गाडी चालवायचे मामा. ते तिथल्या कुणाचेच मामा नव्हते, पण सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणे. अंगानं सुकडे, जिभेनं तिखट, आणि घाटाच्या वळणावरही पेशंटच्या पोटातलं पाणी हलू देणार नाहीत असे.

कामात मोठीला कशाचीच धास्ती नव्हती. धास्ती होती ती कपड्यांची. आईनं लहानपणापासून एकच तोडगा काढला होता: गडद रंग आणि सैल कापड. दुकानात शिरल्या शिरल्या आई विचारायची, "काळ्यात काही दाखवा." धाकटीचं कपाट पिवळं, गुलाबी, पोपटी. मोठीच्या कपाटात काळा, गडद निळा आणि ज्याला आई "हा जरा कमी काळा" म्हणायची तो. "झाकलेलं बरं असतं गं," असं आई वर समजावायची. मोठी झाकून घ्यायची. पण एवढं अंग झाकायचं म्हणजे त्यावर आणखी कापड चढवायचं, म्हणजे दिसायला ती होती त्याहून मोठी व्हायची. हे आईच्या कधी लक्षात आलं नाही, आणि मोठीनं कधी बोलून दाखवलं नाही.

एका वर्षी केंद्रावर नवे गणवेश आले. बायकांमधलं सगळ्यात मोठं माप मोठीनं चढवून पाहिलं. बाह्या मनगटाच्या पुष्कळ वर थांबल्या, पँट घोट्याच्या वर लटकली, आणि शर्टाची बटणं इतकी ताणली गेली की दोन बटणांच्या मधून आतला बनियन बाहेर डोकावू लागला. मग गणवेश वाटणाऱ्या भांडारवाल्या साहेबांनी तिला पुरुषांचा गणवेश दिला. तो लांबीला पुरला. पण कमरेत एखादी उशी मावेल एवढी जागा, आणि मांड्यांवर, पाठीमागे मात्र कापड असं घट्ट बसलं की वाकताना श्वास रोखावा लागे. कमरेला तिनं आतून सेफ्टी पिना लावल्या, वरून पट्टा आवळला, आणि झालं आपलं काम म्हणून गाडीत चढली. आजवर हेच करत आली होती. मिळेल त्यात स्वतःला बसवायचं.

मग तो जिना आला.

जुनी इमारत, अरुंद जिना, आणि तिसऱ्या मजल्यावर छातीत कळ आलेले एक म्हातारे गृहस्थ. स्ट्रेचर वळणावर फिरणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांना पट्ट्यांच्या खुर्चीत बसवलं, छातीवरून आणि मांड्यांवरून पट्टे आवळले. वरची बाजू मामांनी धरली. खालची बाजू मोठीची, नेहमीसारखी. उंच माणूस खाली असला की खुर्ची फार कलत नाही, आणि पेशंटला आपण पडतोय असं वाटत नाही. ती पाठीमागे पाऊल टाकत, पायरी चाचपत उतरू लागली. तिची पाठ खालच्या लोकांकडे होती. जिन्याच्या तळाशी शेजारीपाजारी गोळा झाले होते.

दुसऱ्या वळणावर तिनं गुडघे वाकवून भार पेलला आणि टर्रकन आवाज झाला. पाठीमागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. नुसती शिवण नाही, कापडही फाटलं. खालून कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

आणि त्याच क्षणी मोठीचं पाऊल अडखळलं. तिचं तिलाही कळलं नाही. दोन्ही गुडघे आपोआप एकमेकांना चिकटले, अंग चोरलं गेलं. खुर्ची एका बाजूला कलली. म्हाताऱ्यांचा हात हवेत गेला, त्यांनी कठडा पकडला.

"मोठे!" मामा वरून ओरडले.

"धरलंय," ती म्हणाली. तिनं पाय पुन्हा फाकवले, भार घेतला, आणि एकही पायरी न थांबता त्यांना खाली आणलं. गाडीत चढवलं. मामांनी स्वतःचं जॅकेट काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते कमरेला बांधलं आणि म्हाताऱ्यांना ऑक्सिजन लावला. दवाखान्यापर्यंत ती त्यांच्याशी त्यांच्या नातवंडांबद्दल बोलत राहिली. ते वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा आभाराचा फोनही आला.

मोठीला मात्र चैन पडेना. हसणारा कोण होता याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. लोकांचं हसणं तिला नवं नव्हतं. ते तिनं केव्हाच अंगाला लावून घ्यायचं सोडलं होतं. तिला टोचत होतं ते वेगळंच.

"मामा, माझं पाऊल चुकलं," ती गाडी धुताना म्हणाली.

"सावरलंस की."

"सावरलं. पण का चुकलं? भार जड होता म्हणून नाही. पायरी निसरडी होती म्हणून नाही. पँट फाटली म्हणून. एका पँटीपायी माणूस पडला असता."

मामांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "मग आता?" एवढंच ते म्हणाले.

"आता मला माझ्या मापाची पँट पाहिजे."

भांडारवाले साहेब वाईट नव्हते. कंटाळलेले होते. फाटलेली पँट त्यांनी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली. "हे सगळ्यात मोठं माप आहे, मॅडम. याच्या वर काही येत नाही."

"मग येईल असं बघा ना."

"मी काय घरी शिवतो का?" ते जरा हसले आणि मग आवाज खाली आणून, आपलेपणानं म्हणाले, "राग मानू नका, पण जरा वजन कमी करून बघा."

"करते," मोठी म्हणाली. "आणि उंची किती कमी करू?"

साहेबांनी पँटीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "हे बघा, मदतीचे फोन घेतात त्या खोलीत जागा रिकामी आहे. बसून काम आहे. तिथं गणवेशाची सक्तीसुद्धा नाही. तुमच्या अनुभवाची माणसं तिथं हवीच आहेत. विचार करा."

ही बातमी धाकटीकडून आईला कळली. दोघी तिच्याकडे जेवायला आल्या तशी आई लगेच म्हणाली, "चांगलं आहे की! बसून काम, पंख्याखाली. आणि लोकांच्या नजरेसमोर पण नाही."

"आई, मला लोकांच्या नजरेसमोर जायचं नाही असं तुला कुणी सांगितलं?"

आईनं ताटातला घास उगाच दोनदा फिरवला. धाकटीनं विषय बदलला: "ताई, उद्या सुट्टी आहे ना तुला? चल, बाजार पालथा घालू. गडद निळी साधी पँट. गणवेशासारखी दिसली म्हणजे झालं. एवढ्या मोठ्या शहरात एक पँट मिळत नाही म्हणजे काय!"

बाजार खरंच पालथा घातला. पहिल्या दुकानात विकणाऱ्या मुलीनं मोठीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, "तुमच्यासाठी वरच्या मजल्यावर मिळेल. गरोदर बायकांच्या विभागात."

"ती गरोदर नाही," धाकटी म्हणाली.

"नसू दे ना, तिथं इलॅस्टिक असतं."

धाकटीचा पारा चढला. मोठीनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं. जिना उतरेपर्यंत दोघी हसत होत्या. रस्त्यावर आल्यावर मोठीचं हसू थांबलं, धाकटीचं अजून चालूच होतं. बहिणीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तसं मग तिचंही थांबलं.

पुढच्या दुकानात लांबी होती तर घेर नव्हता. त्याच्या पुढच्यात घेर होता, पण तो बुटक्या बाईचा. पँट गुडघ्याखाली जरा येऊन संपली. जणू जाड बाई उंच असूच शकत नाही, आणि उंच असेल तर ती काठीसारखीच असणार, असं कुणीतरी कुठंतरी ठरवून टाकलं होतं. एका ठिकाणी ती कपडे बदलायच्या खोलीत उभी होती. समोर आरसा. आरशात खांद्यापासून खाली सगळं दिसत होतं, डोकं नव्हतं. आरसा मधल्या उंचीच्या बाईसाठी टांगलेला. तोंड बघायचं तर गुडघे वाकवायला लागले असते. मोठीला एकदम आठवलं की दुकानातले सगळेच आरसे असे असतात, आणि आपण आयुष्यभर एका बिनडोक्याच्या बाईसाठी कपडे घेत आलो. ती बाई तिला कधी आवडली नव्हती, यात नवल ते काय.

तिनं गुडघे वाकवले नाहीत. आपली जुनी पँट चढवली आणि बाहेर आली.

"घेतलीस?" धाकटीनं आशेनं विचारलं.

"नाही. आणि आता दुकान नको. दुकानात तयार असतं ते मिळतं. माझं तयारच नाहीये. जिथं बेततात तिथं जायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिनं भांडारवाल्या साहेबांना एवढंच विचारलं, "गणवेश शिवतं कोण?" त्यांनी पत्ता सांगितला. नंतर त्यांना जरा पस्तावा झाला असावा, कारण त्यांनी मागून हाक मारून सांगितलं, "माझं नाव सांगू नका हं."

शिवणाचा कारखाना शहराच्या टोकाला, एका दुमजली गोदामात होता. खाली कापडाचे तागे, वर मशीनच्या रांगा, आणि सगळ्यांत पुढे लांबलचक कापणीचं टेबल. मालकीणबाई लहानखुऱ्या, चष्मा कपाळावर, बोलणं चटचट. गळ्यात टेप अशी टाकलेली की ती अंघोळीलाच काढत असतील. त्यांनी मोठीचं सगळं ऐकून घेतलं. पण ऐकता ऐकता त्यांचं एक लक्ष मशीनच्या आवाजाकडे होतं.

"बाई, तुमचं म्हणणं कळलं," त्या म्हणाल्या. "पण मी घाऊक काम करते. एका मधल्या मापाचा कागदी साचा असतो. त्यावरून लहान करत लहान, मोठं करत मोठं. एका बाईसाठी नवा साचा काढायचा म्हणजे वेळ जातो. आणि आजवर एकही तक्रार आलेली नाही."

मोठीनं पट्टा सोडला आणि पँटीची कंबर बाहेरच्या बाजूला उलटी केली. आत सेफ्टी पिनांची ओळ चकाकली. "ही तक्रारच आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे बायका तक्रार करत नाहीत, पिना लावतात. कुणी पायाशी दुमडते, कुणी काखेत उसवून घेते. तुमच्याकडे पिना परत येत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं की माप बसलं."

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पिना पाहिल्या. मग पँट पाठीमागून पाहिली, मांडीवरचं ताणलेलं कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला, आणि ते धरता आलं नाही. "हं," त्या म्हणाल्या. त्या हुंकारात जरा राग होता, पण तो मोठीवर नव्हता. "रुंदी वाढवत गेलो, आसन, म्हणजे बसायचा भाग, तेवढाच ठेवला. माझंच काम आहे हे." त्यांनी टेबलाशी उभ्या असलेल्या कटिंग मास्तरांना हाक मारली. मास्तर हाताचा खडू पुसत आले, मोठीकडे मान वर करून बघितलं, आणि टेप हातात घेऊन लाजून उभेच राहिले. मालकीणबाईंनी त्यांच्या हातून टेप घेतली. स्टूल ओढलं आणि वर चढल्या.

छातीचं माप झालं. कमरेला टेप आली तसं मोठीनं नकळत पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," मालकीणबाई म्हणाल्या.

"सोडलाय."

"कुठं सोडलाय! पेशंट उचलताना पोट आत ओढून ठेवता का?"

"नाही."

"मग इथं कशाला? मला खोटं माप दिलंत तर कपडाही खोटाच निघेल."

मोठीनं श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं. मालकीणबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला, मास्तरांनी तो उतरवून घेतला. मशीनवरच्या दोघी-तिघींनी माना वर केल्या असतील, नसतीलही. मोठीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण मानही खाली घातली नाही. शाळेत वजन करताना बाई आकडा वाचायच्या तेव्हा ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहायची. आज तिनं स्वतःच विचारलं, "आसनाचं माप घेतलंत का? बसून पण घ्या. वाकून पण घ्या."

"सगळं घेते," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना आता चेव चढला होता.

पहिला नमुना शिवून झाला तेव्हा मोठी त्यात उभी राहिली आणि तिला स्वतःचाच हेवा वाटला. पँट घोट्यापर्यंत सरळ, कंबर कमरेवर, कुठं चुणी नाही. मग ती उकिडवी बसली आणि पाठीमागून पँट सरकून खाली आली. दुसरा नमुना बसताना सरकला नाही, पण पायरी चढताना गुडघ्याला आवळला. मास्तरांनी मांड्यांच्या मधे जोडकापडाची कळी घातली, पाठीमागची कंबर उंच केली, पुन्हा शिवलं. मोठी सुट्टीच्या दिवशी बस धरून यायची, घालून बघायची, नाही म्हणायची. नाही म्हणताना आधी तिला फार संकोच वाटे; लोक एवढे कष्ट घेतात, आपण घ्यावं की मुकाट्यानं. मग जिना आठवायचा आणि ती स्पष्ट सांगायची, "इथं ओढतंय."

शेवटी मालकीणबाईंचाही धीर सुटला. "आता मात्र झालं! शर्ट बसलाय, पँट बसलीये. उभ्या राहिलात की कशा झोकदार दिसताय!"

"माझं काम उभं राहायचं नाहीये," मोठी म्हणाली.

"मग काय करायचं आहे?"

"पुढच्या सुट्टीला मामांना घेऊन येते. जिना आहेच तुमच्याकडे. खुर्ची मी आणते."

मामा कुरकुरत आले. सुट्टीच्या दिवशीही तुझी हमाली, म्हणाले. पण खुर्ची त्यांनीच खांद्यावरून वर आणली. आता बसणार कोण, असा प्रश्न आला. मास्तरांनी आपल्याला चक्कर येते असं सांगितलं. मशीनवरच्या बायका तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. सगळ्यांचे डोळे मालकीणबाईंकडे वळले.

"मी?" त्या म्हणाल्या. "अहो, मी मालकीण आहे इथली!"

"तर मग तुमच्याच शिवणीवर तुमचा भरवसा हवा," मामा म्हणाले.

त्या बसल्या. मोठीनं छातीवरचा पट्टा आवळला, मांड्यांवरचा आवळला. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मशिनी बंद झाल्या होत्या. मामांनी वरची बाजू धरली, मोठीनं खालची. तिनं गुडघे वाकवले, भार घेतला, आणि मागे पाऊल टाकलं.

"अगं बाई," मालकीणबाई म्हणाल्या. पुढच्या पायरीला पुन्हा, "अगं बाई गं!"

मोठी उतरत होती. पाऊल, भार, पाऊल, भार. पँट तिच्याबरोबर वाकत होती आणि तिच्याबरोबर सरळ होत होती. कुठं ओढ नाही, कुठं चोरटेपणा नाही. वळणावर तिनं एक पाय खाली रोवला, दुसरा वर ठेवला आणि सगळं वजन मांड्यांवर घेतलं; शिवणीतून साधी कुरकुरसुद्धा ऐकू आली नाही. पण खुर्ची फिरवायला तिनं हात वर उचलले तसा शर्ट पँटीतून सुटून बाहेर आला.

"थांबा!" मालकीणबाई एकदम किंचाळल्या. मामा दचकले.

"काय झालं? पडत नाही तुम्ही!"

"पडायचं काय घेऊन बसलात! मुंढा! मुंढा बघा!" पट्ट्यात आवळलेल्या अवस्थेतच त्यांनी हात लांब करून मोठीच्या काखेकडे बोट दाखवलं. "मुंढा खोल कापलाय मास्तरांनी. हात वर गेला की सगळा शर्ट उचलतोय. मास्तर! बघितलंत का वरून?"

"बघितलं," मास्तर कठड्यावरून वाकून म्हणाले.

"आधी मला खाली ठेवा, मग बोलते त्यांच्याशी."

खाली ठेवल्यावर त्यांनी खडू मागवला आणि तिथंच, जिन्याच्या तळाशी, मोठीला हात वर करायला लावून काखेत खुणा केल्या. "उंच मुंढा आणि बाहीला जास्त कापड," त्या पुटपुटल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "माझं काट्यावरचं वजन मी घरी नवऱ्यालासुद्धा सांगत नाही. तुम्हाला कळलं आता."

"मी कुणाला सांगत नाही," मोठी म्हणाली. "आणि तुम्ही काही फार जड नाही."

पुढच्या खेपेला शर्टही जागेवर राहिला. मालकीणबाईंनी त्या मापाचा साचा भिंतीवर खिळ्याला लावला आणि भांडाराला कळवलं की यापुढे बायकांच्या गणवेशात उंच आणि भरल्या अंगाचं एक माप जास्त मिळेल. भांडारवाले साहेब म्हणाले, "आता एकीचं झालं की सगळ्या जणी येतील."

"येऊ द्या की," मोठी म्हणाली. "मापं घ्यायला टेप आहे त्यांच्याकडे."

फोनच्या खोलीतली जागा एका पाठदुखीनं त्रासलेल्या सहकाऱ्यानं घेतली, आणि त्याला ती फार मानवली.

नव्या गणवेशातला पहिला आठवडा मोठी पुन्हा पुन्हा कमरेवर हात नेत राहिली, पट्टा वर ओढायला. ओढायचं काही नसे. खिशात हात घातला की तो सरळ आत जाई. गाडीत चढताना, पेशंटच्या शेजारी गुडघ्यांवर बसताना, छातीवर दाब देताना आपल्याला अंग आहे हे ती चक्क विसरायची. अंगाकडे जाणारं ते लक्ष आता पेशंटला मिळत होतं. मामांनी एकदाच शेरा मारला, "आता कशी दिसतेस माहितीये का? कामावर आल्यासारखी."

एका दुपारी पाळी संपल्यावर ती कपडे न बदलता आईकडे गेली. आईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. मोठीला वाटलं, आता काहीतरी बोलणार. पण आईनं हात वर करून मोठीच्या खांद्याची शिवण चाचपली. बरोबर खांद्याच्या हाडावर होती. मग बाही मनगटापर्यंत बोटांनी तपासत आणली. बाही मनगटावर होती.

"मला असं कधी जमलं नाही," आई म्हणाली. "मी नुसतं कापड वाढवत गेले."

"तेव्हा साचाच नव्हता गं, आई."

"हं." आईनं तिला फिरवून पाठीमागून पाहिलं. गणवेशावरचे उजेड परतवणारे पट्टे चकाकत होते, छातीवर आणि पाठीवर, अंधारातही लांबून दिसणारे. "पण यात फार उठून दिसतेस. रस्त्याच्या त्या टोकावरूनसुद्धा ओळखू येशील."

"यायलाच पाहिजे," मोठी म्हणाली. "लोक आमची वाट बघत खिडकीत उभे असतात. त्यांना आम्ही दिसायला नको का?"

आईनं यावर मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, ते सांगता येणार नाही. पण चहा झाल्यावर तिनं धाकटीला फोन लावला आणि मोठी ऐकत असताना म्हणाली, "मोठी आलीये. नवा गणवेश बघून जा. नाही गं, काळा नाहीये."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या केंद्रावरची एक बाई मोठीला शोधत आली. बुटकी, गोल, पायांशी पँटीच्या दोन जाड घड्या. तिच्याबरोबर एक बारीक, काडीसारखी मुलगी, जिचा पट्टा तिला जवळपास दोनदा गुंडाळला गेला होता. बुटकी दारात घुटमळली. "ताई, तुमच्यासारख्यांचं माप निघालं म्हणे. आमचं उलटं आहे. आम्हाला विचारलं तर चालेल का तिथं?"

मोठी गाडीतली औषधांची पेटी भरत होती. तिनं पेटी बंद केली आणि मामांकडे पाहिलं. मामांनी आधीच कपाळावर हात मारला होता.

"सुट्टी कधी असते तुमची?" तिनं विचारलं.